दगड आणि लांडगा

पासपोर्टची मुदत संपायला दहा महिने उरले तेव्हा मी घरात जाहीर केलं, की या वेळी नव्या पासपोर्टवर नवं नाव येणार. बायको पोळ्या लाटत होती. तिनं मान वर केली नाही. मागच्या दोन्ही वेळी मी हेच बोललो होतो आणि मग मुकाट्यानं जुन्याच नावाचा अर्ज भरून आलो होतो, त्यामुळे तिचंही काही चुकलं नाही.

माझं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या रत्नागिरीकडे एके काळी त्या नावाची माणसं वाडीवाडीला असायची, आता शोधूनही सापडणार नाहीत. अर्थ तेवढा सांगतो: दगड. रस्त्यात पडलेला, ज्याची ठेच लागते आणि जो पायानं बाजूला सारतात, तो. माझ्याआधी आमच्या आईची तीन मुलं गेली. चौथा मी. मलाही कुणी नेऊ नये, नेणाऱ्याला वाटावं की इथे उचलण्यासारखं काही नाही, म्हणून हे नाव. शिवाय आईनं मला सुपात घालून शेजारच्या काकूला मूठभर तांदळांवर विकलं आणि लगेच मागून घेतलं. म्हणजे मी आईचा राहिलोच नाही, काकूचा झालो, आणि काकूची मुलं जगत होती. हे सगळं मला कळायला लागल्यापासून ठाऊक आहे, आणि कळायला लागल्यापासूनच मला त्याचा राग आहे.

राग का येणार नाही? शाळेत गणिताचे मास्तर कुणाला उत्तर आलं नाही की म्हणायचे, दगडावर डोकं आपटून काय उपयोग, आणि सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायचा. उत्तर न आलेला मुलगा भलताच असायचा. माझ्यानंतर धाकटा भाऊ झाला, तोवर घरातली भीती थोडी सरली होती, तर त्याला छान चारचौघांसारखं देवाचं नाव मिळालं. सगळा दगडपणा माझ्या वाट्याला. आयटीआय करून मुंबईला निघालो तेव्हा नाव बदलायचं म्हणून मी अर्ज लिहून काढला, तर आई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तो अर्ज मीच चुलीत घातला. ती म्हणाली होती, "नाव टाकलंस तर नजर जाईल तुज्यावर." कुणाची नजर ते ती बोलली नाही. त्याचा उल्लेख आमच्या घरात करत नसत.

कुवेतला येऊन आता चोवीस वर्षं झाली. शर्कमध्ये समुद्राकडच्या एका उंच इमारतीचा चिलर प्लांट माझ्याकडे आहे, म्हणजे चाळीस मजल्यांना गार हवा पोचवणारी जी यंत्रं तळघरात असतात, ती. इथे मला सगळे आडनावानं हाक मारतात. बताका, म्हणजे इथलं सरकारी ओळखपत्र, पहिल्यांदा हातात आलं तेव्हा त्यावरचं अरबीतलं माझं नाव मी मंदूबाकडून वाचून घेतलं. मंदूब म्हणजे कंपनीची कागदपत्रं फिरवणारा माणूस. त्यानं जे वाचलं त्यात आमची निम्मी अक्षरं गळाली होती, कारण अरबीत ती नाहीतच, आणि जे उरलं होतं त्याला कुठल्याच भाषेत काही अर्थ नव्हता. मला ते इतकं आवडलं की मी त्याला चहा पाजला.

या वेळी मी नाव बदलायचं खरंच मनावर घेतलं ते मुलीमुळे. ती इथेच जन्मली, रिग्गईच्या आमच्या फ्लॅटमध्येच वाढली, यंदा बारावीला आहे. आपण मराठीत विचारावं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यावं, अशी आमची पद्धत. तिनं कॉलेजचा एक फॉर्म भरून टेबलावर ठेवला होता. वडिलांच्या नावाच्या जागी एकच अक्षर, पुढे टिंब, आणि मग आडनाव. आईचं नाव मात्र पूर्ण लिहिलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "पपा, एव्हरीवन यूजेस इनिशियल्स." मी बरं म्हटलं आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. मला वाईट वाटलं. पोरीनं मला लपवलं, आणि तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, याचं जास्त वाईट वाटलं.

तिलाही ते कळलं असावं, कारण दोन दिवसांनी तिनं स्वतः नावांची यादी करून आणली. अर्धी नावं मालिकांमधल्या नायकांची होती. माझ्या वयाच्या टकल्या माणसाला शोभेल असं त्यात एकच होतं: साधं, देवाचं, माझ्या वर्गात त्या नावाचे दोघे होते. मी त्याच्यावर बोट ठेवलं. नवी सही करून पाहिली, ती बरी जमली. मग चौकशी केली. प्रतिज्ञापत्र, गॅझेट आणि दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, एक इथल्या आणि एक गावाकडच्या. इथेच घोडं अडलं. आमच्या वाडीत पेपर शेवटच्या पानापासून वाचतात. सकाळी जाहिरात आली की दुपारपर्यंत कुणीतरी ती आईला मोठ्यानं वाचून दाखवणार. त्र्याऐंशी वर्षांची आई, धाकट्या भावाकडे असते. तिला हे दुसऱ्याच्या तोंडून कळून चालणार नव्हतं. मीच सांगायला हवं होतं, आणि त्या न जेवलेल्या दोन दिवसांची आठवण झाली की माझी जीभ उचलत नव्हती. येत्या शुक्रवारी सांगतो, पुढच्या शुक्रवारी सांगतो, असं करत तीन महिने गेले.

त्याच तीन महिन्यांत आमच्या प्लांटवर तो सर्बियन इंजिनियर आला.

जुनी यंत्रं काढून नवी बसवायची होती, त्यासाठी कंपनीनं त्याला मागवलं होतं. वयानं माझ्याएवढाच, उंचीनं दीड माणूस, पांढरी दाढी. आमचे पाइप फिटर बहुतेक कोकणातले, दोन-दोन वर्षांच्या करारावर आलेले, एकेका खोलीत सहा-सहा जण राहणारे. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हा गडी सरळ त्यांच्यात जाऊन खाली बसला, छातीवर हात मारला आणि म्हणाला, "वूक."

संगमेश्वरकडचा आमचा एक फिटर आहे. त्याला इंग्रजी येत नाही आणि ऐकायला थोडं कमी येतं. तो शेजाऱ्याला म्हणाला, "सायबाला भूक लागलीय रं. बग ना, छाती बडवतोय." आणि त्यानं आपल्या डब्यातला अर्धा भात, कुळथाचं पिठलं आणि सुकटीची चटणी झाकणात काढून त्याच्यापुढे सरकवली. साहेबानं एकदा झाकणाकडे बघितलं, एकदा फिटरकडे, आणि सगळं चाटूनपुसून खाल्लं. नंतर डोळे पुसत राहिला, कारण चटणी आमच्याकडची होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुसऱ्या टोळीला तीच ओळख करून दिली. त्यांनीही वाढलं. तिसऱ्या दिवशी त्यानं मला बाजूला घेतलं आणि फार गंभीरपणे विचारलं, "तुमच्या देशात माणसानं आपलं नाव सांगितलं की त्याला जेवू घालावंच लागतं का?"

मी त्याला आमचा शब्द समजावून सांगितला. तो इतका हसला की शेवटी पाइपला धरून उभा राहिला. तेव्हापासून तो सगळ्यांचा भूकसाहेब झाला. त्याच्या बताक्यावर तर आणखी गंमत होती. त्याच्या नावातला इंग्रजी 'व्ही' अरबीत नाही, त्यामुळे तिथे 'फ' पडला होता आणि गेटवरचे पहारेकरी त्याला फूक म्हणायचे. फुंकरीनं हलेल असा तो गडी नव्हता, पण त्यानं तेही आनंदानं चालवून घेतलं. नावाला एवढा निवांतपणे वागवणारा माणूस मी पाहिला नव्हता, आणि मला त्याचा थोडा हेवाच वाटत होता.

खाल्लेल्या जेवणाची परतफेड करायची म्हणून एका थंडीतल्या दुपारी तो मला शर्कच्या मासळी बाजारात घेऊन गेला. त्यानं जुबैदी घेतले, म्हणजे आपले पापलेट, आख्ख्या टोळीला पुरतील एवढे. ते साफ करायला दिले आणि आम्ही बाहेर समुद्राकडे तोंड करून चहा घेत बसलो. तिथे त्यानं विचारलं, "तुझ्या नावाचा अर्थ काय? आडनावाचा नाही, नावाचा."

या प्रश्नाचं माझं उत्तर ठरलेलं असतं. मी म्हटलं, "स्ट्राँग. बलवान." आणि विषय आपल्यावरून टळावा म्हणून लगेच विचारलं, "सर, तुमच्या नावाचा?"

"लांडगा," तो म्हणाला.

मला हसू आलं. मी म्हटलं, आई आपल्या पोराला लांडगा कसं म्हणेल?

"आईनं नाही, आजीनं," तो म्हणाला. "माझ्याआधीची तीन मुलं गेली होती."

माझा चहा हातात तसाच राहिला. तो सांगत होता, आपल्या गावाकडची जुनी रीत सांगावी इतक्या सहज. त्यांच्याकडे जुनी माणसं मानायची, की तान्ही मुलं खाणाऱ्या चेटकिणी असतात, रात्री येतात आणि बाळाचं काळीज नेतात. त्या कुणालाही भीत नाहीत, फक्त लांडग्याला भितात. म्हणून ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथे मुलाचं नाव लांडगा ठेवायचं. तो जन्मला तेव्हा त्याची आजी बर्फात दाराबाहेर आली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, की लांडगीला लांडगा झालाय, सगळ्यांनी ऐकून ठेवा. शेजारच्या घरांतले कुत्रे भुंकायला लागले, असं त्याची आई सांगायची.

"तीन," मी म्हटलं.

"तीन. का?"

ज्या देशाचं नाव मी शाळेच्या नकाशात कधी शोधलं नव्हतं, तिथल्या बर्फात एक म्हातारी उभी राहून ओरडत होती, आणि त्याच सुमाराला आमच्या वाडीत आमची आई मला सुपात घालून काकूच्या ओट्यावर ठेवत होती. दोघींनी एकमेकींना पाहिलेलं नाही. दोघींचं कुठलं पुस्तक नाही, कुणी गुरू नाही. तरी दोघी एकच काम करत होत्या.

मग मी त्याला खरं सांगितलं. दगड, सूप, काकू, मूठभर तांदूळ, सगळं. इतकी वर्षं मी हे आपण होऊन कुणाला सांगितलं नव्हतं, लग्नाआधी बायकोलाही नाही. त्यानं मला माझं नाव म्हणायला लावलं. मग स्वतः दोन-तीनदा म्हणून पाहिलं. त्याची जीभ टाळूला लागत नव्हती, पण तो नेटानं म्हणत राहिला. बाजूला बसलेला मासेवाला आमच्याकडे बघायला लागला.

"तुझी आई माझ्या आजीपेक्षा हुशार," तो शेवटी म्हणाला. "लांडगा म्हटल्यावर ती चेटकीण घाबरते, पण या घरात काहीतरी आहे हे तिला कळतं. ती लक्ष ठेवून राहते. दगडाकडे कोण लक्ष देतो?" आणि जरा थांबून म्हणाला, "दोन्ही चाललं ना पण. तू बसलायस, मी बसलोय."

खरंच, आम्ही बसलो होतो. पन्नाशी ओलांडलेले, एकाला मधुमेह, एकाला गुडघेदुखी, समोर कागदात बांधलेले पापलेट. मला त्या क्षणी आम्हा दोघांचंच फार नवल वाटलं.

मात्र सगळंच काही असं भारावून जाण्यासारखं नसतं. परत येताना गाडीत तो म्हणाला, त्याच्या एका आत्याचं नाव स्टाना. त्याचा अर्थ थांब. घरात पाचवी मुलगी झाली, आता पुरे, म्हणून थांब. मी म्हटलं, आमच्याकडे अशा मुलीला नकुशी म्हणतात, नको असलेली. पुढचा सिग्नल लाल झाला आणि गाडी थांबली. माझ्या नावात निदान मी हवा होतो म्हणून खोटं बोललं गेलं होतं. तिच्या नावात खरं बोललेलं होतं. सिग्नलला उभे होतो तेवढा वेळ मला त्या सगळ्या म्हाताऱ्यांचा राग आला, त्यांच्याकडच्या आणि आमच्याकडच्याही.

आमच्या इमारतीत भारतीय शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या एक बाई राहतात. दुसऱ्या दिवशी त्या लिफ्टसमोर भेटल्या आणि मला राहवलं नाही. म्हटलं, बाई, एका माणसाचं नाव वूक आहे आणि त्याच्या भाषेत त्याचा अर्थ लांडगा. बाईंच्या हातात भाजीच्या पिशव्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग बरोबर आहे. संस्कृतात वृक. वृक म्हणजे लांडगा. या सगळ्या भाषा मुळात एकाच घरच्या, शब्द तोच." लिफ्ट आली, बाई गेल्या. मी जिन्यानं चौथ्या मजल्यापर्यंत चढलो आणि प्रत्येक पायरीला वृक, वूक, वृक, वूक म्हणत होतो. किती हजार वर्षांपूर्वी कुठल्या तरी कुरणावर कुणीतरी लांडगा बघून हा शब्द ओरडलं असेल, तो शब्द एका बाजूनं बर्फात गेला आणि एका बाजूनं आमच्याकडे आला, आणि चोवीस वर्षं तळघरात यंत्रं सांभाळल्यावर मला तो शर्कच्या मासळी बाजारात भेटला. मला घराची किल्ली सापडेना, इतका मी हरवलो होतो.

मग मला नावांचं वेडच लागलं. इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, इजिप्तचा आहे. त्याला विचारलं, तुमच्याकडे मूल जगत नसेल तर काय नाव ठेवतात? तो म्हणाला, माझ्या काकाच्या नावाचा अर्थ भिकारी. भिकाऱ्याच्या घरात कोण चोरी करणार, असं त्याच्या आजीचं म्हणणं होतं. मी त्याला सांगितलं, की आमच्या आळीत अगदी त्याच अर्थाचे दोन भिकू होते. त्यानं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो माझी गाडी सावलीत लावून ठेवायला लागला.

बायको म्हणाली, "एवढं कौतुक वाटतंय तर राहू द्या की तेच नाव."

मी म्हटलं, कौतुक करणं वेगळं आणि ते नाव रोज अंगावर वागवणं वेगळं. मी असा हट्टी आहे. एक गोष्ट कितीही मोठी वाटली, तरी मुलीच्या फॉर्मवरचं ते एक अक्षर आणि टिंब माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं. पुढे तिच्या लग्नाची पत्रिका छापायची होती, तिच्या मुलांना आजोबांचं नाव विचारणार होते. जाहिरातीचा मजकूर टाइप करून तयार होता. फक्त आई राहिली होती.

मार्चमध्ये यंत्रं सुरू झाली आणि भूकसाहेब परत निघाला. फिटरांनी त्याला वाटेसाठी डबा दिला, चटणी वेगळ्या बरणीत. नाव बदलण्याचं आईपाशी अडलंय हे मी त्याला नंतर सांगितलं होतं; निघताना त्यानं मला विचारलं, "सांगितलंस आईला?" मी नाही म्हणून मान हलवली. तो म्हणाला, "विचारायला कुणी आहे तोवर विचारून घे. माझी आजी असती तर मी विचारलं असतं, की तू एवढ्या जोरात ओरडलीस, तुला स्वतःला खरं वाटत होतं का?"

त्या शुक्रवारी सकाळी मी फोन केला. मुलगी माझ्या शेजारी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. तिनं फोनचा आवाज मोठा केला. भावानं आईच्या हातात फोन दिला. आधी पायदुखी झाली, मग गाय, मग शेजारणीची सून. मी तिला भूकसाहेबाची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं तिला आश्चर्य वाटेल. तिला काहीच वाटलं नाही.

"मग?" ती म्हणाली. "पोर जगवायचं तर बाईमानूस काय करंल दुसरं? त्याची आवस हाय?"

"गेली, आये."

"बरं पोर दिसतं," ती म्हणाली. "जेवाय घातलात न्हवं?"

मग मी एका दमात सांगून टाकलं. नाव बदलतोय, कागद तयार आहेत, पेपरात येईल, तू मनाला लावून घेऊ नकोस. बोलून झालं आणि मी डोळे मिटून घेतले. तीस वर्षं ज्या भांडणाची तयारी केली होती ते आता होणार होतं.

"बदल की," आई म्हणाली. "आता तुला कोन नेतो? म्हातारा झालास. त्याला फसवून झालं तेवडं झालं."

मुलगी माझ्याकडे बघून हसली. इतकं सोपं होतं तर मी इतकी वर्षं कुणाशी भांडत होतो, असं वाटलं आणि थोडा हिरमुसलोदेखील.

"नवं काय ठेवतोस?"

मी नाव सांगितलं.

ती म्हणाली, "परत बोल."

मी परत सांगितलं.

"तुमी कुनी सांगितलंत ते नाव त्याला?" हे ती माझ्या भावाला विचारत होती. भाऊ नाही म्हणाला. त्याला विचारण्यासारखं काय आहे तेच कळलं नव्हतं. मलाही नव्हतं.

"ते थोरल्याचं," आई म्हणाली. "पयल्याचं. तुज्या बापसानं पंचांगात बगून ठेवलानं व्हतं. अकरा म्हयन्यांचा व्हता. धरून उबा ऱ्हायचा."

त्या तिघांना नावं असतील, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. माझ्यासाठी ती तीन होती, बस्स. माझ्या रागाच्या गोष्टीतला एक आकडा. पन्नास-पंचावन्न वर्षांत त्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. आई शाळेच्या पटावर, लग्नपत्रिकांत, शेजारच्या पोरांच्या तोंडी ते ऐकत असणार आणि तिथून निघून जात असणार. आणि आता ते तिनं माझ्या तोंडून दोनदा ऐकलं होतं.

"आये, मला ठाऊक नव्हतं," मी म्हटलं. "दुसरं बघतो."

"कशाला दुसरं?" ती म्हणाली. थोरल्याचा सदरा धाकट्याला घालताना बायका बोलतात त्याच आवाजात म्हणाली. "तुला व्हवं तर घे तू. त्यानं काय वापारलं न्हाय फारसं. नवंच हाय अजून."

मुलीला एवढं मराठी समजतं. तिनं माझा दंड दोन्ही हातांनी धरला. नवा पासपोर्ट मी नंतर जुन्याच नावानं काढला आणि तिनं आपले पुढचे सगळे फॉर्म माझं पूर्ण नाव घालून भरले, मी काही म्हटलं नसताना. पण ते पुढचं झालं. त्या सकाळी मी फोन हातात धरून नुसता बसलो होतो. तिकडे आईला वाटलं, लाइन तुटली. तिनं मला हाक मारली, माझ्या नावानं, वाडीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"हायेस न्हवं रं?"

"हाय, आये," मी म्हटलं. "हाय."